मुलाम्याचं तबक

आमच्या घरातलं चांदीचं तबक मी चोरलं. हे वाक्य मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलांना नाही. गावच्या मंडळाच्या स्मरणिकेसाठी ‘गाव सोडल्याच्या आठवणी’ लिहा म्हणून चिटणीस दोनदा मुलुंडला आमच्या जागेवर येऊन गेले. त्यांना वाटलं असणार, मी बोट लागल्याचं लिहीन, चाळीतल्या नळाचं लिहीन, शेवटी गावच्या मातीला नमस्कार करीन. तसंच लिहायला बसलो होतो. दोन पानं लिहून फाडली. जे माझ्यासारखे निघून आले त्यांनी हे वाचावं, आणि जे तिथेच राहिले त्यांनी तर वाचावंच, कारण ही चोरी त्यांच्यातल्या एका बाईच्या नावावर गेली चोवीस वर्षं चालू आहे.

ती बाई म्हणजे माझी वहिनी, दादाची बायको. मी नऊ वर्षांचा असताना आई गेली, आणि त्याच वर्षी वहिनी लग्न होऊन घरात आली. तेव्हा ती सतरा वर्षांची होती. मला तिनेच वाढवलं.

एक्कावन्न साली दसरा झाला, बोटी सुरू झाल्या, आणि मी निघालो. बंदरात बोट लांब उभी राहायची, तिथपर्यंत होडीने जावं लागे. बाबा धक्क्यावर उभे होते. दादा आला नव्हता. वहिनी आली, पण पदर इतका पुढे ओढून की तोंड दिसू नये. तरी वाऱ्याने तो मागे गेलाच. डावा गाल आणि कान सुजून एक झाले होते, डोळ्याची नुसती चीर उरली होती. तिने फडक्यात बांधलेले पोहे आणि एक नारळ मला एकाच हाताने दिला. दुसरा हात वर होत नव्हता. मी तिच्या पाया पडलो. होडीवाल्याने माझी ट्रंक उचलली आणि म्हणाला, “काय रे, धोंडे भरलंस काय?” धक्क्यावरची माणसं हसली. मीही हसलो.

ट्रंकेत, धोतरात गुंडाळलेलं, तबक होतं.

बाबा म्हणाले, “मुंबईत घराचं नाव राख.” त्यांना दुसरं काही बोलता येत नसे.

तबक पणजोबांचं. ते खाडीच्या जकात नाक्यावर कारकून होते, आणि विलायतेला परत निघालेल्या कुणा साहेबाने जाताना त्यांना ते दिलं, एवढीच त्याची कथा. लांबट, दोन्ही बाजूंना मुठी, कडेने द्राक्षांचे घोस. पाठीवर बारीक इंग्रजी शिक्के होते. ते कुणाला वाचता येत नसत, म्हणून त्यांचा मान जास्त. सबंध वाडीत चांदीचं एवढं मोठं भांडं कुणाकडे नव्हतं. लग्नात विडे त्यातून फिरायचे, चतुर्थीला मोदक त्यातून देवापुढे जायचे. आणि घरातलं कुणी मुंबईला निघालं, की तबकात नारळ आणि विडा ठेवून, देवाला दाखवून, तो त्याच्या हातात द्यायचा, अशी आमच्या घरची रीत होती.

तबकाच्या एका कोपऱ्यात तांबूस डाग होता. आजीच्या वेळी तो चिंचोक्याएवढा होता म्हणे. आईच्या वेळी रुपयाएवढा झाला. वहिनीच्या वाट्याला आला तेव्हा तळहाताएवढा. दर सणाला ती चिंच आणि राख घेऊन बसायची आणि बोटं सोलेपर्यंत घासायची. डाग जायचा नाही. दादा तबक उजेडात धरायचा आणि म्हणायचा, हिच्या माहेरी पितळ तरी बघितलं होतं काय. एका चतुर्थीला त्याने त्याच तबकाची कड तिच्या बोटांवर मारली. त्या दिवशीचे मोदक तिने सुजलेल्या बोटांनी वळले, आणि आम्ही खाल्ले.

आमच्या घरात मारणं नवीन नव्हतं. बाबा दादाला मारत, दादा मला आणि वहिनीला. मी कुणाला मारत नसे, कारण माझ्याखाली कुणी नव्हतं.

मी निघण्याच्या आधी बाबांनी वाटणी तोंडी सांगून टाकली होती. घर, माड आणि देव थोरल्याचे. “तुका मुंबय,” असं मला म्हणाले, जणू मुंबई त्यांच्या बापाची होती. तबक देवाबरोबर, म्हणजे दादाचं. मला चांदीची हाव नव्हती असं म्हणणार नाही. पण त्याहून जास्त, दादाच्या हातातून काहीतरी ओढून न्यावं असं वाटत होतं, आणि समोरासमोर ओढायची हिंमत नव्हती.

तबक ज्या पेटीत असे तिची किल्ली वहिनीच्या कमरेला असायची. निघायच्या दोन दिवस आधी तिने आपण होऊन ती माझ्या हातात दिली. पेटीत आईची शाल आहे, ती घेऊन जा, म्हणाली. मी शाल घेतली आणि तिच्याखालचं तबकही घेतलं. किल्ली परत दिली.

मूर्खपणा असा, की ज्या रीतीत मी लहानाचा मोठा झालो तीच विसरलो. निघायच्या आदल्या दिवशी सकाळी माझ्याच निरोपासाठी बाबांनी तबक काढायला सांगितलं.

पेटी उपसली, माळा उपसला, गोठा पाहिला. माझी बांधलेली ट्रंक उघडावी असं कुणाच्या मनातही आलं नाही. मग बाबा देवळात गेले. आमच्याकडे ग्रामदेवाला कौल लावतात. गुरव देवाच्या अंगावर ओल्या कळ्या चिकटवतो आणि गाऱ्हाणं घालतो. उजवी कळी पडली तर हो, डावी पडली तर नाही. बाबांनी विचारायला लावलं, तबक घरातल्या माणसाने नेलं की बाहेरच्याने. घरातल्याने नेलं असेल तर उजवी दे. आम्ही सगळे हात जोडून उभे होतो. 

उजवी पडली.

मी पुढे पुष्कळ ठिकाणी वाचलं, ऐकलं, की हे सगळं थोतांड असतं. असेल. पण त्या दिवशी देव खोटं बोलला नाही. घरातल्याच माणसाने नेलं होतं. बाबांनी पुढचा प्रश्न विचारलाच नाही. त्याचं उत्तर त्यांना ठाऊक होतं. देवळाच्या पायऱ्या उतरताना ते दादाला म्हणाले, “घरातला म्हणजे कोण? किल्ली कोणाकडे आसता?”

मागच्या अंगणात, खळ्यात, दादाने वहिनीला मारलं. माडाच्या झावळीचा दांडा होता, वाळलेला. पहिल्यांदा पाठीवर, मग ती बसली तेव्हा खांद्यावर. “खंय ठेवलंस? माहेराक धाडलंस? भावाक दिलंस?” प्रत्येक प्रश्नाला एक. ती म्हणत होती, माका म्हायत नाय. दांडा मोडला तेव्हा दादाने तो टाकून दिला, आणि हाताची मूठ करून तिच्या कानावर मारली. मूठ पुन्हा उचलली, पुन्हा मारली. कानातून रक्त आलं ते मानेवरून चोळीत उतरलं. बाबा ओसरीवरून म्हणत होते, “इचार तिका, इचार.” शेजारची माणसं कुडणापाशी, कुंपणाबाहेर, उभी राहिली. कुणी आत आलं नाही. घरचा मामला.

मी पडवीत ट्रंकेवर बसलो होतो. तिथून खळं सरळ दिसतं. मारता मारता एकदा वहिनीची मान माझ्याकडे वळली, आणि तिने माझ्याकडे पाहिलं. मग तिने मान फिरवली.

एवढं लिहून मी उठून गेलो होतो. आज तिसऱ्या दिवशी पुढे लिहितो आहे.

मुंबईत मी घाटकोपरला भटवाडीच्या बाजूला एका मावसभावाच्या खोलीत राहिलो. खोलीत आठ जण आणि माझी ट्रंक. तेव्हा तिकडे डोंगर दिसायचा, चिखल असायचा, आणि संध्याकाळी कुठूनतरी गुरांचा वास आला की घर आठवायचं. आता मुलुंडच्या ब्लॉकमध्ये गॅस आहे, पंखा आहे, खिडकीतून समोरच्यांची खिडकी दिसते. त्या वेळी माझ्याकडे काही नव्हतं आणि मी सुखी होतो, असं लिहायची पद्धत आहे. मी सुखी नव्हतो. ट्रंकेला कुणाचा पाय लागला तरी मी दचकायचो. तबक विकायलाही नेलं नाही. कुठल्या सराफाकडे जायचं, त्याने कुठून आणलं विचारलं तर काय सांगायचं?

वर्षभराने अंधेरीच्या रस्त्यावर एका शेडमध्ये काम लागलं. मुलामा चढवायचा कारखाना. आत शिरलं की घसा धरायचा. ॲसिडचे हौद, तारांवर टांगलेले चमचे, पॉलिशची गरगरणारी चाकं. आमचे उस्ताद उत्तरेकडचे. नखं काळी, दात पानाने लाल, आणि जिभेवर शिवी तयार. पहिल्याच महिन्यात जुन्या पारशी घरांतली तबकं पुन्हा मुलाम्याला आली. लांबट, मुठींची, कडेला घोस. आणि प्रत्येकाच्या कोपऱ्यात, कडेवर, तांबूस डाग.

मी उस्तादांना विचारलं, हे डाग कसले. ते हसले.

“डाग नहीं रे, यही असली है. अंदर तांबा. ऊपर चांदी का पानी चढाया है बस. कोई गाववाली ने राख से घिसा होगा, वाट लग गयी.”

 तीन पिढ्यांनी डाग समजून चांदीच घासून काढली होती. वहिनी जितकी घासायची तितकं तांबं वर यायचं, आणि जितकं तांबं वर यायचं तितका ती मार खायची. आणि जे मी तिच्या कानाच्या किमतीवर आणलं होतं, ते असं होतं.

हे कळल्यावर मी गावाला पत्र लिहायला हवं होतं. मी काय केलं ते सांगतो. कारखान्यात एका कामगाराच्या डब्यात चांदीच्या पट्टीचा तुकडा सापडला. दारं लावून सगळ्यांनी त्याला धरला. बाकीचे दोन-चार हाणून थांबले. मी थांबलो नाही. तो खाली पडल्यावर मी त्याला लाथा घातल्या, बरगडीत, तोंडावर. “चोर साला, चोर साला,” असं म्हणत होतो. उस्तादांनी मागून कॉलर धरून मला ओढलं तेव्हा माझ्या चपलेला त्याचा दात चिकटलेला होता. उस्ताद म्हणाले, “तेरे बाप का माल था क्या?” त्या माणसाचं पुढे काय झालं मला माहीत नाही. मी विचारलं नाही.

नंतर एका रविवारी, कारखान्यात कुणी नसताना, मी तबक नेलं आणि स्वतःच्या हाताने त्यावर मुलामा चढवला. का, ते मला आजही नीट सांगता येत नाही. परत न्यायचं असेल तर चांगलं करून न्यावं, असं काहीतरी मनात होतं. नेलं नाही. माझं लग्न झालं, घाटकोपरलाच वेगळी खोली मिळाली, तबक ट्रंकेत तळाशी राहिलं. सुमनला, माझ्या बायकोला, सांगितलं की त्या ट्रंकेत आईच्या वस्तू आहेत, हात लावू नकोस.

सत्तावन्न साली दादा वहिनीला घेऊन आमच्याकडे आला. डाव्या कानाने तिला काही ऐकू येत नव्हतं आणि आता त्यातून पू यायला लागला होता. बाबा तोवर गेले होते. डॉक्टरने कान पाहिला आणि विचारलं, मार लागला होता का. दादा म्हणाला, माळ्यावरून पडली. वहिनीने मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी दुपारी दादा दाढी करून घ्यायला बाहेर गेला होता, सुमन धुणं घेऊन नळावर. मी दुसऱ्या पाळीला जायच्या तयारीत होतो. वहिनीला हुडहुडी भरली होती म्हणून तिने पांघरायला काहीतरी शोधत ट्रंक उघडली. मी मोरीतून बाहेर आलो तेव्हा ती जमिनीवर बसली होती, मांडीवर आईची शाल, शालीवर तबक. तिने ते फिरवून कोपरा उजेडात धरला होता.

“तांबडां खंय गेलां?” तिने विचारलं.

पहिला प्रश्न तो. मी तिच्या उजव्या बाजूला बसलो आणि सांगितलं, की तो डाग नव्हता, आतला धातू होता. घासून तो जात नाही, घासून येतो.

ती थोडा वेळ बोटाने तो कोपरा चाचपत राहिली. “म्हणजे मीच वाढवी होतंय,” म्हणाली, आणि चक्क हसली.

मी रडायला लागलो. म्हटलं, वहिनी, दादा आला की आत्ताच सांगतो. तिने तबक शालीत गुंडाळलं, तळाशी ठेवलं, ट्रंक लावली.

“किल्ली तुझ्या हातात दिलेलंय, ता माका काय ठावक नव्हता? तेव्हाच ठावक होता.”

मग का नाही बोललीस, मी विचारलं.

“त्या घरातसून एक तरी सुटांदे म्हटलंय.” मग बाहेरचा कानोसा घेऊन म्हणाली, “आता सांगू नको. तुका काय करूचे नाय ते. माकाच मारतले. म्हणतले, हिनाच तुझ्याकडे धाडल्यान.”

ती खरं बोलत होती. दादा तसंच म्हणाला असता. पण मला तिचं म्हणणं पटलं ते त्यामुळे नाही. मला सुटका हवी होती, आणि तिने ती पुन्हा एकदा माझ्या हातात दिली.

मी कामावर गेलोच नाही. संध्याकाळी जेवायला बसलो. वहिनी वाढत होती, आणि दादा सुमनला सांगत होता, सूनबाई, पाहुणे जायच्या आधी भांडी मोजून घ्या हो, आमचं चांदीचं तबक गिळून हिने ढेकर दिला नाही. सुमन खाली बघत राहिली. शेजारचे दारातून ऐकत होते. दादाने वहिनीकडे ताक मागितलं. तो तिच्या डाव्या बाजूला होता, तिला ऐकू गेलं नाही. त्याने परत मागितलं नाही. हातातला तांब्या तिच्या तोंडावर मारला.

पुढचं मला तुकड्या-तुकड्यांनी आठवतं. मी ताटावरून उठलो ते दादाच्या अंगावर. त्याचं डोकं भिंतीवर आपटलं. चष्मा फुटला, काच माझ्या तळहातात गेली, त्याच हाताने मी त्याच्या तोंडावर मारत राहिलो. वरणात रक्त पडलं होतं. सुमन किंचाळत होती, आणि दारातली माणसं या वेळी आत आली. घाटकोपरची माणसं आत येतात. दोघांनी मला धरलं तेव्हा दादा भिंतीला टेकून बसला होता, खालचा ओठ फाटलेला, पुढचे दात गेलेले. त्याने अस्पष्ट विचारलं, “बापासारख्या भावावर हात टाकलंस, एका चोरटीसाठी?”

 वहिनीने पदराचं टोक भिजवून दादाचं तोंड पुसायला घेतलं, आणि पुसता पुसता माझ्याकडे पाहिलं. दुपारी तिने मला गप्प राहायला सांगितलं होतं, हे खरं. पण त्या क्षणी ती वाट बघत होती. पाच माणसं साक्षीला होती, ट्रंक चार हातांवर होती. मी तोंड उघडलं आणि म्हणालो, “तिला पुन्हा हात लावलास तर जिवंत सोडणार नाही.”

सगळ्यांना मी मोठा माणूस वाटलो. चाळीत नंतर कितीतरी दिवस माझं कौतुक चाललं होतं. वहिनीने मान खाली घातली आणि तोंड पुसत राहिली.

ती दोघं सकाळी निघून गेली, कानावर इलाज न करता. मी त्याच आठवड्यात तबक कारखान्यात नेलं, घणाने ठोकून चपटं केलं आणि भंगारात टाकलं.  त्यामुळे आज माझ्याकडे दाखवायला काहीच नाही.

त्यानंतर सतरा वर्षं मी गावाला गेलो नाही. लोक विचारत, गावी कधी जाणार? मी म्हणे, बघू, सुट्टी मिळाली की. गावच्या फणसाची, सोलकढीची आठवण काढून मंडळाच्या सभेत डोळे पुसणारे पाहिले की मी उठून बाहेर जातो. घर म्हटलं की मला ते खळं दिसतं, आणि मी ट्रंकेवर बसलेला दिसतो. इथे मुलुंडला पंधरा वर्षं राहतो आहे, पण ह्याला मी ‘आमची जागा’ म्हणतो. घर हा शब्द मला अजून वापरता येत नाही.

गेल्या वर्षी दादा गेला, तेव्हा तेराव्याला गेलो. बाबांच्या जागी दादाचा मुलगा, मी गाव सोडल्यावर जन्मलेला, बसला होता. जेवणं झाल्यावर वहिनीने सगळी मोठी भांडी विहिरीवर घासून आणली आणि ओसरीवर उपडी घातली. तिची सून आली, बोट लावत लावत मोजली, आणि मगच आत नेली. यात काही वावगं आहे असं तिला वाटलंही नाही. या घरात सासूने आणलेली भांडी मोजायची असतात, एवढं तिला लग्न होऊन आल्यावर सांगण्यात आलं होतं. वहिनी बाजूला उभी होती, मोजून होईपर्यंत, हात पुसत.

ओसरीवर सगळा गोतावळा होता. दादाची भीती उरली नव्हती. मी तिथेही बोललो नाही. बस गाठायची आहे म्हणालो.

आता मी हे लिहून दिलं आहे. छापून येईल, गावाला जाईल, दादाचा मुलगा वाचेल. त्याने हेही वाचावं, की त्याच्या आईला यातलं काही सांगून मी केलं नाही, आणि तिचा त्यात हात नव्हता. पण वहिनीला वाचता येत नाही. आणि कागदावर लिहिणं हे माझ्यासाठी सोपं आहे. मी गप्प बसणाराच माणूस आहे.

दादाला जे सांगायचं होतं ते आता सांगता येणार नाही. ते माझ्यावर कायमचं राहिलं. वहिनीचं राहिलेलं अजून देता येईल. तिच्या ओसरीवर, तिच्या सुनेसमोर आणि वाडीसमोर उभं राहून, तबक मी चोरलं, हे मला माझ्या तोंडाने सांगायचं आहे. ते मी अजून सांगितलेलं नाही.